ग्रीस ट्रॅपमधला मळ उचलणार कोण? राज्यातल्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

राज्यातल्या २९ महापालिकांच्या आयुक्तांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. शहरं वेगळी, नद्या वेगळ्या, पण हॉटेलांच्या रांगेमागचं तुंबलेलं चेंबर सगळीकडे सारखंच असतं. मी एका महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. खाण्यापिण्याच्या रस्त्यावरचा चोकअप काढायला गेलं की बहुतेक वेळा हाताला लागायची ती चरबीच.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र पुढे वाचायला वेळ नसेल तरी ती आपल्यापर्यंत पोचेल. ‘ग्रीस ट्रॅप बसवा’, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल-तूप गटारात जायच्या आधी अडवणारी पेटी बसवा, अशी नोटीस काढून थांबू नका. ट्रॅपमध्ये साचलेला मळ ठरलेल्या दिवशी उचलून नेणारी गाडी आणि तो रिता करायची अधिकृत जागा महापालिकेने उभी करावी, आणि त्या गाडीची पावती हॉटेलच्या परवान्याच्या नूतनीकरणाला जोडावी. आज ट्रॅप आहेत तिथेही हा मळ घ्यायला कुणी येत नाही. म्हणून तो जिथे जाऊ नये तिथेच जातो.

रात्री बारानंतर, हॉटेलं बंद होऊन भांडी घासून झाली की अशा एखाद्या बोळातलं चेंबर उघडायला लावा आणि स्वतः उभं राहून बघा. झाकण सहज निघत नाही, कडेला चरबी बसून ते चिकटलेलं असतं, पहार घालून उचकटावं लागतं. आत पाणी दिसत नाही. दुधावर साय धरावी तसा पांढुरका-पिवळट थर वर धरलेला असतो, आणि त्यात शिताचे कण, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, टूथपिक, टिश्यू, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे रुतलेले असतात. बांबू खुपसला तर हातभर सहज जातो आणि मग अडतो. तिथून पुढे जे लागतं ते मऊ नसतं. नऊ इंची पाइपाच्या तोंडाशी मूठ जाईल एवढंच भोक उरलेलं मी पाहिलेलं आहे, आणि त्या भोकातून अख्ख्या गल्लीचं मैलापाणी जायची अपेक्षा होती.

ते घट्ट का होतं, हे हॉटेलवाल्यांना समजावून सांगितलं तर त्यांना ते पटतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथेही लिहिते. पावभाजीच्या तव्यावरचं लोणी, मिसळीचा कट, भज्यांच्या कढईतलं पामतेल, बिर्याणीतलं वनस्पती तूप, मटणाच्या रश्श्यावरची चरबी, हे सगळं मोरीत ओतताना पातळ असतं. गरम पाण्याने आणि भांडी घासायच्या पावडरीने ते आणखी सुटं होतं आणि मोरीतून नाहीसं झाल्यासारखं वाटतं. वीस-तीस फूट पुढे गेलं की पाणी थंड होतं, साबणाचा जोर संपतो आणि तेल पुन्हा एकत्र येऊन पाइपाच्या कडेला बसतं. एवढंच झालं असतं तर ते खरवडून काढता आलं असतं. पण तळताना आणि नंतर जंतूंमुळे तेल-तूप फुटून त्याची मेदाम्लं होतात आणि ती पाण्यातल्या व काँक्रीटमधल्या कॅल्शियमला जाऊन मिळतात. तयार होतो तो कॅल्शियमचा साबण. तो पाण्यात विरघळत नाही, फेस देत नाही, वाळूच्या दगडासारखा कडक होतो. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या भागात त्याला लागणारं कॅल्शियम नळातूनच येतं. सिमेंटच्या पाइपांत ते पाइपातून येतं, कारण तुंबलेल्या मैलापाण्यातून निघणारा वायू ओल्या छताला लागून त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल काँक्रीट खातं. म्हणजे चोकअप पाइप पोखरतो आणि पोखरलेला पाइप चोकअपला माल पुरवतो.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली सापडलेला चरबीचा गोळा आपण बातम्यांत पाहिला असेल. अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. तो फोडून काढायला तिथल्या कंपनीला कित्येक आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला होता. त्या शहराकडे उत्तम यंत्रं आहेत, गटारात उतरणाऱ्या माणसांना हवेची नळकांडी आणि अंगभर संरक्षक पोशाख आहेत. तरीही हे झालं. आपल्याकडे एवढा मोठा गोळा होत नाही, कारण आपले पाइप लहान आहेत. तो व्हायच्या आधीच मैलापाणी रस्त्यावर येतं, नाहीतर तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी न्हाणीघरात उलटं चढतं.

प्रत्येक शहराची चरबीही आपापली आहे. नागपुरात सावजीची तर्री, कोल्हापुरात मटणाचा रस्सा, छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया, मुंबईत रात्री उशिरापर्यंत चालणारे कबाब आणि पावभाजीचे तवे. प्राण्यांची चरबी आणि वनस्पती तूप गोड्या तेलापेक्षा लवकर गोठतात. डिसेंबर-जानेवारीत अशा भागांतल्या तक्रारी का वाढतात, हे शोधायला समिती नको. त्या महिन्यांतल्या तक्रारींचे पत्ते आणि हॉटेलांचे पत्ते एका नकाशावर टाकले तरी पुरे.

तक्रार आली की आपण काय करतो? जेटिंगची गाडी पाठवतो. पाण्याच्या जोराने त्या घट्ट मालात भोक पडतं, तुंबलेलं पाणी घुसळत निघून जातं, तक्रार बंद झाल्याचा मेसेज नागरिकाला जातो. पाइपाच्या कडेचा थर बराचसा जागच्या जागी असतो आणि सुटलेले तुकडे पुढच्या चेंबरला जाऊन बसलेले असतात. काही दिवसांनी तोच पत्ता पुन्हा यादीत येतो. पुढे पंपिंग स्टेशनच्या विहिरीत हाच माल वर तरंगून पाण्याची पातळी सांगणाऱ्या फ्लोटला चिकटतो, पंप वेळेवर सुरू होत नाही आणि मैलापाणी ओढ्यात जातं. मैलाशुद्धीकरण केंद्रात पोचलाच तर टाक्यांवर थर धरतो आणि जंतूंना हवा मिळेनाशी होते. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या अर्थसाहाय्याच्या प्रकल्पातून ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेची ११ केंद्रं उभारायला घेतली, मुंबईत सात विभागांतली केंद्रं नव्याने बांधली जात आहेत. हजारो कोटींची ही कामं आहेत. त्यांच्या तोंडाशी येणारं पाणी कुठल्या स्वयंपाकघरातून कसं येतं, याकडे त्या मानाने कुणाचंच लक्ष नाही, आणि हे मला अतिशय खटकतं.

पण खर्चाचा मुद्दा मी इथेच सोडते. खरा मुद्दा माणसाचा आहे.

जेटिंगने निघालं नाही, किंवा गाडी अरुंद बोळात शिरलीच नाही, की कुणीतरी म्हणतं, ‘आत उतरून बघू का?’ कायद्याने हे विचारायचीही सोय ठेवलेली नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनी आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाने गटारं साफ करण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला. तरीही बातम्या येतच राहतात, आणि त्यांतल्या पुष्कळ बातम्यांत खाजगी कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेला मुलगा असतो.

चरबीने तुंबलेली लाइन इतर चोकअपपेक्षा जास्त धोक्याची का, हे आपल्या प्रत्येक मुकादमाला आणि प्रत्येक हॉटेल मॅनेजरला माहीत असायला हवं. वर चरबीचा थर धरला की खालच्या मैलापाण्याला हवा लागत नाही, ते कुजतं आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थर शाबूत असेपर्यंत तो बराचसा खालीच दबून राहतो. पहार लागली, थर फुटला, की तो एकदम बाहेर येतो. हवेपेक्षा जड असल्याने चेंबरच्या तळाशीच राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण दहा लाखांत शंभर भाग एवढं प्रमाण झालं की नाकाला तो वास कळेनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे गॅस गेला. पाचशेच्या वर माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. एका घटनेत दोन-तीन जण का जातात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आमच्याकडे एक बिगारी होते, वयाने माझ्यापेक्षा मोठे. चेंबर उघडलं की ते आधी सगळ्यांना मागे सारायचे आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे. त्यांना हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. सोबतचा एक माणूस गेलेला त्यांनी पाहिला होता, आणि तो चेंबरही हॉटेलांच्या मागचाच होता. रस्त्यावर वरण-भातापासून तंदुरीपर्यंत सगळं मिळावं आणि त्याचं तेल पाइपात गोठू नये याची जबाबदारी शेवटी अशा माणसावर येऊन पडावी, हे कुठल्याही शहराला शोभणारं नाही.

आता कायदा आणि खाती. कढईतल्या तेलाकडे अन्न व औषध प्रशासन बघतं. त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळलं की तयार होणाऱ्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंदी ठेवायच्या आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, हा नियम मार्च २०१९ पासूनचा. त्यापासून बायोडिझेल होतं, त्याला बाजारात भाव आहे, त्यामुळे जळकं तेल घ्यायला निदान माणूस दारात येतो. हे चांगलं झालं, आणि ज्या हॉटेलांनी हे पाळलं त्यांच्या मोरीत जाणारं तेल कमी झालं आहे.

पण भांड्यांना, तव्याला, ताटाला लागून मोरीत जाणारं जे तेल आहे, त्याला भाव नाही. ते पाणी, खरकटं, साबण यांच्याबरोबर मिसळलेलं असतं. ट्रॅपमध्ये साचतं ते हेच. घनकचऱ्याच्या गाडीवाल्याकडे नेलं तर तो म्हणतो, हे ओल्या कचऱ्यात चालत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, कारण ते बादलीतून सांडतं आणि खतात कुजत नाही. तेलाचा संकलक म्हणतो, यात पाणीच जास्त आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं लक्ष मोठ्या हॉटेलांच्या संमतीपत्रावर. ड्रेनेज खात्याला लाइन तुंबल्यावर बोलावणं येतं. मधल्या मधे मळ उरतो तो हॉटेलच्या पोऱ्याच्या हातात. रात्री एक वाजता ट्रॅप भरून वाहायला लागला, वास सुटला, उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार. तो बादल्या भरतो आणि समोरचं चेंबर उघडून त्यात ओततो. त्या मुलाला दोष देऊन काय उपयोग? त्याला दुसरी जागा कुणी दाखवलेली आहे?

तपासणीच्या वेळी ‘ट्रॅप आहे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: ‘आहे की मॅडम!’ कुठे आहे म्हटलं तर कळायचं, फ्रीजरच्या खाली. वर फरशी बसवलेली, फरशीवर फ्रीजर, फ्रीजरला टेकून पिंपं. एकदा मी फ्रीजर हलवायला लावला. फरशी फोडल्यावर खाली जेमतेम दोन घमेली माल मावेल एवढी विटांची पेटी निघाली. मधली आडभिंत नव्हती आणि बाहेर जाणारा पाइप पेटीच्या वरच्या कडेला लावलेला. म्हणजे तरंगणारी चरबी आधी बाहेर जाणार आणि पाणी आत राहणार! बांधणाऱ्या गवंड्याला ट्रॅप म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि दाखल्यावर सही करणाऱ्याने पेटी उघडून पाहिली नव्हती.

ट्रॅपमध्ये अवघड काही नसतं. पाण्याला थांबायला वेळ द्यायचा, म्हणजे चरबी वर येते आणि गाळ खाली बसतो. मधलं पाणी आडभिंतीखालून पुढच्या कप्प्यात जातं आणि इंग्रजी टी (T) आकाराचा जोड लावलेल्या पाइपातून, खालच्या अंगाने, बाहेर पडतं. गर्दीच्या वेळचं पाणी साधारण अर्धा तास आत राहील एवढा आकार मोठ्या ट्रॅपला लागतो. शौचालयाचं पाणी त्यात येता कामा नये. झाकण एका माणसाला उचलता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत पाव हिश्शाचा नियम आहे: चरबी आणि गाळ मिळून ट्रॅपच्या उंचीचा चौथा भाग भरला की तो रिकामा करायचाच. पट्टी घालून मोजता येतं, प्रयोगशाळा लागत नाही.

साधा हिशेब मांडते. एखादं मध्यम हॉटेल स्वयंपाकघरात दिवसाला १०,००० लिटर पाणी वापरतं असं धरू. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत आहे. त्या हिशेबाने दिवसाला २०० ग्रॅम. ट्रॅप नाही आणि प्रमाण याच्या दहापट निघालं, तर रोज दोन किलो, महिन्याला ६० किलो. अशी दहा हॉटेलं एका गल्लीत असली तर महिन्याला ६०० किलो एकाच नऊ इंची लाइनवर, आणि ती लाइन टाकली तेव्हा त्या गल्लीत राहती घरं होती. तळमजल्यांची हॉटेलं झाली, वापर बदलला, खालचा पाइप मात्र तोच राहिला. बांधकाम परवानगीच्या वेळी हे कुणी तपासतं का, हे आपण आपल्या खात्याला विचारावं.

बाजारात ‘चोकअपवर रामबाण’ म्हणून बरंच काही विकलं जातं. कॉस्टिक सोडा टाकला की थर थोडा सुटतो आणि पुढे जाऊन बसतो. आम्लाने पाइप जातो, आणि तुंबलेल्या लाइनमध्ये आम्ल पडलं तर विषारी वायू उसळतो. जंतूंची आणि एन्झाइमची पावडर ट्रॅपला पर्याय म्हणून विकतात, ती चरबी फोडून पातळ करते, म्हणजे पुढे ढकलते. ट्रॅप असताना त्यात अशी पावडर टाकायला कितीतरी शहरांनी मनाई केलेली आहे. आपणही स्पष्ट परिपत्रक काढावं. विक्रेते दारोदार फिरतात आणि हॉटेलवाला बिचारा ट्रॅप बसवल्याच्या समाधानात ती विकत घेतो.

मग करायचं काय? डब्लिन महापालिकेने २००८ पासून खाद्य व्यावसायिकांना तेल-चरबीसाठी वेगळा परवाना घ्यायला लावला आणि त्यासाठीच तपासनीस नेमले. ट्रॅप कुणी, कधी रिकामा केला याच्या नोंदी तिथे दाखवाव्या लागतात. हाँगकाँगमध्ये ट्रॅपचा मळ आणून टाकायला पश्चिम काउलूनच्या कचरा हस्तांतरण केंद्रात वेगळी व्यवस्थाच आहे. दोन्हीकडची गोम एकच: तपासणी आणि उचल एकत्र चालतात. आपण फक्त तपासणी करतो, तीही नोटिशीपुरती.

आपल्याकडे सक्शन गाड्या आहेत, टँकर आहेत, वॉर्डनिहाय कर्मचारी आहेत. ठरलेल्या वारी ठरलेल्या रस्त्याने ग्रीसची गाडी फिरवणं आपल्याला जड नाही. कचरा उचलायला आपण रोज तेच करतो. गाडी कुठे रिकामी होणार, हे मात्र आधी ठरलं पाहिजे, नाहीतर शहराबाहेरचा ओढा आहेच. ज्या मैलाशुद्धीकरण केंद्रात गाळ कुजवून गॅस काढायचे डायजेस्टर आहेत, तिथे हा मळ प्रमाणात मिसळता येतो. चरबीतून गॅस भरपूर निघतो, पण एकदम जास्त घातली तर डायजेस्टर बिघडतो, म्हणून मोजून घालायची. जिथे डायजेस्टर नाहीत तिथे ओल्या कचऱ्याच्या बायोगॅस प्रकल्पाला जोडून एक साठवण टाकी बांधा, वरची चरबी आणि पाणी वेगळं करा. पाणी मैलाशुद्धीकरणाला जाईल. निविदा काढताना कंत्राटदाराला खेपेचे पैसे गाडी भरल्याबद्दल न देता, ती केंद्रावर रिकामी झाल्याच्या वजनपावतीवर द्या. ही एक अट निसटली तर सगळी योजना ओढ्यात जाईल, हे मी अनुभवाने सांगते आहे.

पैसे हॉटेलवाल्याने द्यावेत, यात दुमत असू नये. ज्याच्या स्वयंपाकघरातून चरबी येते त्याने तिचा खर्च उचलावा. पण दर आसनसंख्येवर आणि तळणावर ठरावा. चहा-पोहे विकणाऱ्याला आणि दोनशे खुर्च्यांच्या बार-रेस्टॉरंटला एकच फी लावली तर संघटना पहिल्याच बैठकीत उठून जातील आणि त्यांचं चुकणारही नाही. हॉटेलचालकांशी मी वर्षानुवर्षं भांडले आहे. त्यांच्यातले बरेच जण नियम पाळायला तयार असतात, फक्त शेजारचा पाळत नाही आणि त्याला काही होत नाही, हे बघून ते खचतात. पावती परवान्याला जोडली की हा भेद आपोआप मिटतो.

हातगाड्या आणि खाऊगल्ल्या यांच्याकडून ट्रॅपची अपेक्षाच करू नका. त्यांच्यासाठी महापालिकेने भांडी धुवायची एक सामायिक मोरी आणि तिला जोडलेला मोठा ट्रॅप बांधून द्यावा. आज ते पावसाळी गटारात पाणी ओततात, आणि ते पाणी शुद्धीकरणाला न जाता सरळ नदीत किंवा समुद्रात जातं. मंगल कार्यालयांचा प्रश्न निराळा. आठवडाभर शुकशुकाट आणि मुहूर्ताच्या दिवशी हजार-हजार पानं उठतात. तिथे ट्रॅपचा आकार सरासरीवर काढला तर तो पहिल्या पंगतीलाच भरतो. आणि घरपोच जेवण पाठवणारी स्वयंपाकघरं, ज्यांना बसायची जागाच नसते, ती आता सोसायट्यांच्या तळघरांत आणि भाड्याच्या सदनिकांत आली आहेत. पाटीही नसते. आसनसंख्येवर नियम बांधला तर ती सगळी सुटून जातील. अन्न परवान्याच्या यादीतून त्यांचे पत्ते मिळतात, ते मागवून घ्या.

स्वयंपाकघरात करायच्या दोन गोष्टींनी निम्मं काम होतं, असं मी छातीठोकपणे सांगते. ताट-तवा मोरीत जायच्या आधी कागदाने किंवा रबरी पात्याने पुसून घ्यायचा, आणि उरलेला रस्सा, कट मोरीत न ओतता डब्यात ओतायचा. हे करणारा माणूस भांडी घासणारा असतो. बऱ्याचदा तो बाहेरगावाहून आलेला, मराठी न वाचणारा असतो. त्याच्यासाठी मोरीवर मोठ्या चित्राची पाटी लावा आणि मालकाला सांगा, की त्याला दहा मिनिटं समोर उभं करून दाखवून द्या.

नाशिकच्या आयुक्तांसाठी दोन ओळी जास्तीच्या. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. अन्नछत्रं, आखाड्यांचे भंडारे, तात्पुरती उपाहारगृहं, यांची शेकडो स्वयंपाकघरं काही महिन्यांसाठी उभी राहतील आणि त्यांचं पाणी गोदावरीच्याच खोऱ्यात जाणार आहे. जागा वाटप करतानाच प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघराला ट्रॅप आणि गाडीची वेळ नेमून दिली तर ते होईल. तंबू उभे राहिल्यावर होणार नाही. आणि तिथे जे जमेल ते बाकीच्या २८ शहरांना उचलता येईल.

बाकीच्यांनी सुरुवात एका रस्त्यापासून करावी. आपल्या शहरातला सर्वांत जास्त चोकअपचा, सर्वांत जास्त हॉटेलांचा रस्ता निवडा. त्यावरचा प्रत्येक ट्रॅप उघडून बघा, मोजा, जिथे ट्रॅप नाहीच तिथली नोंद करा. गाडीचा वार ठरवा. वर्षभर त्या रस्त्याच्या तक्रारी वेगळ्या मोजा आणि आधीच्या वर्षाशेजारी मांडून लोकांसमोर ठेवा. हा आकडा जाहीर झाला की पुढच्या रस्त्यासाठी हॉटेलवालेच आपल्याकडे येतील. आणि त्या वर्षात त्या रस्त्यावरच्या एकाही चेंबरमध्ये, कुठल्याही कारणाने, माणूस उतरणार नाही असा लेखी आदेश पहिल्या दिवशी काढा. आदेशाची प्रत कंत्राटदाराला, मुकादमाला आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलमालकाला द्या, कारण खाजगी लाइनवर माणूस बोलावणारा बहुतेक वेळा तोच असतो.

ट्रॅपचे आकार काढून देणं, गवंड्यांना आणि कनिष्ठ अभियंत्यांना जागेवर दाखवणं, यासाठी माझ्यासारखे निवृत्त लोक प्रत्येक शहरात आहेत. बोलावलंत तर येऊ, मानधनाची अट नाही. जी महापालिका हे करायचं ठरवेल तिने पहिल्या रस्त्याचं नाव आणि गाडीचा वार पावसाळ्याआधी जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक निवृत्त ड्रेनेज अभियंता